नावं ठेवायची जागा

बाबा दुपारचे बाहेर जेवतात, हे मला आमच्या दूधवाल्याकडून कळलं. सकाळी पातेल्यात दूध ओतता ओतता तो म्हणाला, "साहेब, बाबाजी काल भेटले ना भोजनालयात. पातोडीचा रस्सा असा हाणून राहिले होते, का म्हटलं या वयात तब्येत असावी तर अशी!" त्याच्या मनात काही नव्हतं. पण पातेलं माझ्या बायकोच्या हातात होतं.

तिने दार लावलं आणि ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.

"अकरा वाजता मी त्याईले वाढते," ती म्हणाली. "दोन भाकरी, वरण, भाजी, भात. एक वाजता 'जरा फिरून येतो' म्हणतात. म्हणजे हे फिरणं होतं. आता पूरा मोहल्ला म्हणन, का सून पोटभर देत नाही."

"कोणी काही म्हणत नाही."

"मंग आता कोण म्हणून गेलं?"

ऑफिसची वेळ झाली होती. मी डबा उचलला आणि निघालो. डब्यातली भाजी तीच होती, बाबांना अकरा वाजता मिळणार होती ती. दुपारी जेवताना मी तिची चव मुद्दाम नीट घेतली. चांगली होती. चांगलीच असते.

बाबा शिंपी. उमरेडच्या पुढे आमचं बाजाराचं गाव आहे, तिथे आयुष्यभर मशीन चालवली. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. बी.कॉम. झालो तेव्हा पदवीदानाला घालायचा सफारी बाबांनी स्वतः शिवला होता. तो आता अंगात येत नाही, पण मी तो कोणाला दिला नाही. पदवी बैठकीत लावलेली आहे. काही लोकांना ते हसण्यासारखं वाटतं. हसोत बापडे.

आई गेल्यावर बाबा गावात एकटेच होते. न्हाणीत पाय घसरून पडले आणि शेजारचा माणूस संध्याकाळी ताक द्यायला आला तोपर्यंत तसेच पडून राहिले. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना शहरात, नंदनवनला आमच्या घरी आणलं. त्याला दोन वर्षं झाली. या वयात, नजर अधू झालेली असताना, त्यांनी त्या घरात पुन्हा एकट्याने राहू नये, एवढंच मला हवं होतं.

आमच्यात सून सासऱ्याला 'मामाजी' म्हणते आणि शक्यतो समोर उभी राहत नाही. माझी बायको ताट ठेवून स्वयंपाकघराच्या दाराआड जाते. बाबा खाली मान घालून जेवतात. पुरे झालं की ताटावर हात आडवा धरतात. हवं असेल तर मात्र मागत नाहीत. सुनेकडे मागणं त्यांना जमत नाही. कसं झालं जेवण, असं मी विचारलं की एकच उत्तर: "बरं आहे." मीठ विसरलं त्या दिवशीही बरं होतं. करपलं त्या दिवशीही बरं होतं. मला वाटायचं, बापाला काही त्रास नाही, देवाची कृपा.

दूधवाल्याच्या त्या सकाळनंतर आमच्या घरात रोज रात्रीच्या जेवणाला वाद सुरू झाला. वाद म्हणजे तिघांचा, पण बोलायचे आम्ही दोघंच.

"त्या टपरीत काय असते एवढं?" बायको दाराआडून माझ्याशी बोलायची. ऐकणारे बाबा. "टिनाचं छप्पर, चार टेबलं. ऑटोवाले जेवतात तिथे. फडकं कधी धुतलं असन देव जाणे. तेल तर विचारूच नका."

मग मी बाजू घ्यायचो. "साधं जेवण असतं. गरम असतं. डोळ्यादेखत भाकर थापते तिथली बाई. आपण लग्नात बुफेत जेवतो, त्याचं तेल कोण पाहतं?"

"म्हणजे मी शिळं वाढते?"

"तसं कोण म्हणालं?"

दुसऱ्या दिवशी मी उलट बाजू घ्यायचो, कारण बाबांच्या बीपीची गोळी माझ्याच खिशातून काढून द्यायची असते. "बाबा, तिथलं तिखट तुम्हाला चालत नाही. इथलं वरण आणि तिथलं वरण, फरक काय आहे सांगा बरं?"

बाबा भाकरीचा तुकडा वरणात बुडवून पाहायचे. "फरक तं काही नाही गा," म्हणायचे. "तुरीचंच असते."

"मग जाता काहून?"

"जातो आपला. पाय मोकळे होतात."

आठवडाभर हे चाललं. ऑफिसात मार्चअखेर, घरी ही सुनावणी. रोज संध्याकाळी गाडी लावताना मला वाटायचं, पाच मिनिटं इथेच बसून राहावं.

शेवटी मी शिकल्या माणसासारखा तोडगा काढला. म्हटलं, बाहेरचंच खायचं आहे ना, मग चांगल्या ठिकाणी खाऊ. रविवारी दोघांना धरमपेठेत घेऊन गेलो. तिथे आता गावाकडच्या जेवणाचं एक मोठं रेस्टॉरंट आहे. भिंतीवर बैलगाडीचं चाक, कोपऱ्यात जातं, आणि गारवा इतका की बाबांनी कानाला रुमाल बांधला. टेबलं म्हणजे जुन्या शिलाई मशीनचे लोखंडी पाय, वर काच. बाबा बसले आणि सवयीने त्यांचे पाय खालच्या पायट्यावर गेले. पायटा हलेना. त्यांनी वाकून पाहिलं.

"बांधून ठेवलं गा याले," ते मला हळूच म्हणाले. "तारेनं."

"शोभेसाठी आहे बाबा."

"हाव. पण बांधून काहून ठेवलं? कोणी घेऊन थोडंच जाते."

वेटरने एक हात पाठीमागे ठेवून पाणी ओतलं. झुणका आला, भाकर आली, ठेचा आला, सगळं मातीच्या छोट्या छोट्या भांड्यांत. बायकोने वरणाचा एक घास घेतला आणि म्हणाली, "माया हातच्यासारखंच आहे. फक्त पाटी इंग्रजी आहे." मला हसू आलं. तिलाही आलं. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसू. वेटरने बाबांना विचारलं, "सर, कैसा लगा?" बाबांनी उठून त्याला हात जोडले. "बहुत बढिया," म्हणाले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बरं आहे." त्यांनी अर्धी भाकर तशीच सोडली होती.

सोमवारी एक वाजता ते पुन्हा फिरायला गेले.

त्या शनिवारी मला सुटी होती. मी गाडी घेऊन त्यांच्या मागोमाग गेलो. मोठ्या रस्त्याला लागून, टायरच्या दुकानाशेजारी ते भोजनालय आहे. आत शिरावं की नाही ठरेना म्हणून मी टायरवाल्याकडे हवा भरायला थांबलो. तिथून बाबांची पाठ दिसत होती आणि आवाज येत होता. तो आवाज त्यांचा आहे हे ओळखायला मला वेळ लागला. गावातल्या दुकानात ते असे बोलायचे, ते मी विसरून गेलो होतो.

"वं बाई! हे वांगं आहे का चप्पल?"

चुलीपाशी बसलेली बाई पन्नाशीची असेल. तिने मान वळवली नाही. "चप्पल पायात असते बाबाजी. तोंडात आहे ते वांगंच आहे."

"शिजवलं नाही तू त्याले."

"तुमचे दात गेले, त्याले मी काय करू? काल म्हणे गाळ केला. आज म्हणे शिजलं नाही. तुमच्या घरवालीनं कसे दिवस काढले असन, तिचं तिले माहीत."

"ते अशीच बोले," बाबा म्हणाले. "तिच्या हाताले मात्र चव होती. तुया हाताले नाही."

"मंग तिसरी भाकर कोणाले पाहिजे?"

"आण. पण कडक आण. अन् रस्सा टाक. पाणी नोको टाकू, रस्सा टाक."

दोन ऑटोवाले हसत होते. बाईने भाकर तव्यावरून सरळ बाबांच्या ताटात टाकली. घरी दोन भाकरींवर हात आडवा धरणारा माझा बाप तिसरी खात होता, आणि खाता खाता तिला सांगत होता की मिठाचा अंदाज बायांना येतच नाही.

आता हे लिहिताना सगळं सरळ दिसतं. तेव्हा मात्र मी एवढंच पाहिलं की बापाला इथली चव आवडते. चव आवडते, पण तेल आणि उन्हातलं चालणं बरं नाही, आणि बायकोची मोहल्ल्यात बदनामी होते. म्हणून बाबा जेवून गेल्यावर मी आत जाऊन त्या बाईशी बोललो. ओळख सांगितली. म्हटलं, "रोज दुपारी त्यांचा डबा घरीच पाठवत जा. तेल कमी, तिखट कमी, मीठ कमी. त्यांना बीपी आहे."

तिने हात पुसले. "डबा देतो आम्ही. दवाखान्यातल्या लोकाईले देतोच. पण साहेब, बाबाजीले डबा कशाले? ते इथे भांडायले येतात."

"म्हणूनच म्हणतो. वय झालं आता त्यांचं."

"पाहा बाप्पा," ती म्हणाली. "तुम्ही शिकलेले लोक."

माझ्यासारखा माणूस अशा ठिकाणी चुकतो. मी घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा, की प्रश्न मिटवला.

सोमवारी डबा आला. बायकोने तो आपल्या ताटात काढून बाबांना वाढला, कारण डब्यातून जेवायला ते काय पाव्हणे नव्हते. दुसऱ्या बाईच्या हातचं अन्न आपल्या स्वयंपाकघरात आपण वाढायचं, हे तिला कसं लागलं असेल, ते तिने मला भांडी घासण्याच्या आवाजातून कळवलं. बाबा खाली मान घालून जेवले. "बरं आहे." मंगळवारीही तसंच. बुधवारी त्यांनी एकच भाकर खाल्ली. एक वाजता फिरायला कोणी गेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा त्यांची रेक्झिनची बॅग दिवाणावर उघडी होती आणि ते धोतर घडी करत होते.

"शनिवारच्या दुपारच्या बसनं गावाले जातो," म्हणाले.

"कशाला?"

"घर आहे तिथं मायं."

"बाबा, तुम्ही तिथे पडला होता. अख्खा दिवस पडून होता."

"आता नाही पडणार."

मी त्यांच्याजवळ बसलो. खरं सांगतो, मला ओरडायचं होतं, पण तेवढी ताकद नव्हती. "काय चुकलं, ते तरी सांगा. घरचं नको म्हणून तिथलं मागवलं. आता तेही नको?"

ते घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "तू त्या बाईले सांगतलं, मले बीपी आहे म्हणून."

"आहेच ना."

"परवा संध्याकाळी मी तिकडून गेलो, तं म्हणे, बाबाजी बसा, पाणी देऊ का. पंखा लावला मायासाठी. एक शब्द वाकडा बोल्ली नाही." त्यांनी धोतर बॅगेत ठेवलं. "आता तिथं जाऊन काय करू?"

"इथे काय कमी आहे?"

"इथं काहीच कमी नाही गा. सुनबाई लक्ष्मी आहे. पण सुनेच्या हातच्या अन्नाले नावं ठेवू नये. घराले चांगलं नसते ते." त्यांनी दुसरं धोतर उचललं. "दुकानात तू बसत होता ना लहानपणी. जो गिऱ्हाईक म्हणे, बाही लांब झाली, गळा दाबते, बटन इथं काहून लावलं, तो दर दिवाळीले येणार. अन् जो चूपचाप 'बरं आहे' म्हणून कपडा घेऊन गेला, त्याच्याबद्दल मी तुया मायले म्हणत होतो, हा आता येत नाही. दोन वर्षं झाली, मी इथं चूप जेवून राहिलो. मलेच वाटते का आता मी जाणार."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली होती. बायको दारात आली. दाराआड नाही, दारात. पदर डोक्यावर घेतलेला.

"मामाजी, मायी भाजी कशी असते ते आज खरं सांगा. मीठ, तेल, काहीही. मी वाईट वाटून घेणार नाही."

बाबा उठून उभे राहिले. तोंड उघडलं. मला दिसत होतं की त्यांच्याजवळ सांगण्यासारखं आहे, दोन वर्षांचं साचलेलं आहे. पण आमच्या लग्नापासूनचा सव्वीस वर्षांचा नेम असा एका संध्याकाळी मोडत नाही.

"बरं असते वं बाई," ते म्हणाले. "सगळं बरं असते." आणि पुन्हा घड्या घालू लागले.

ती आत गेली. त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवलो. बाबांनी दोन भाकरींवर हात आडवा धरला.

शुक्रवारी ऑफिसमधून येताना मी भोजनालयात गेलो आणि डबा बंद करायला सांगितला. बीपीचंही विसरून जा म्हटलं. बाई म्हणाली, "विसरायचं कसं साहेब, आता ऐकलं ते ऐकलं. पण भांडीन मी. ते येऊ तं द्या. पण एक सांगू? ते लपून येत होते, तेच त्याईच्या मनाले लागत होतं. घरून कोणी 'जा' म्हणायले पाहिजे." मी मान हलवली. हे बायकोला सांगायचं कसं, याचा विचार करत घरी आलो आणि सांगून टाकलं. ती उठून ओट्यापाशी गेली. मोहल्ल्याचं काय, हे तिने विचारलं नाही.

शनिवारी मी रजा घेतली; सकाळी बॅग दाराशी होती. बस पावणेदोनची होती. दहा वाजले, साडेदहा वाजले, कुकरची शिट्टी नाही. अकराला बायको बाहेर आली, भिंतीला हात धरून.

"मामाजी, आज माये गुडघे उभं राहू देऊन नाही राहिले. स्वयंपाक होत नाही. तुम्ही बाहेर जेवून घेता का? याईले मी पोहे करून देते."

तिचे गुडघे दुखतात हे खरं आहे. पण त्या सकाळी तिला स्टुलावर चढून पंखे पुसताना मी पाहिलं होतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वर्तमानपत्रात डोकं घातलं.

"लय दुखते का?" बाबांनी विचारलं.

"आज लय दुखते."

ते गेले. बॅग न घेता गेले, म्हणाले येऊन उचलतो. एक वाजला. दीड वाजला. मी दोनदा गॅलरीत जाऊन आलो. बायको धान्य निवडत बसली होती, तिने एकदाही वर पाहिलं नाही. अडीचला फाटक वाजलं.

बाबांचं तोंड लाल झालेलं होतं, उन्हाने की बोलून, कोण जाणे. पाय धुतले, आत आले.

"बस गेली असन," म्हणाले.

"गेली," बायको म्हणाली.

"त्या बाईनं आज भात चिक्कट केला. अन् तिलेच पटवत बसलो. ऐकतच नाही."

"तांदूळ नवा असन," बायको म्हणाली. "नव्याले पाणी कमी लागते."

"तेच म्या सांगतलं!" बाबा म्हणाले आणि दिवाणावर बसले.

तेव्हापासून रोज अकराला आमच्या घरात काहीतरी होतं. कधी गुडघे, कधी गॅस संपतो, कधी उपास. मोहल्ल्यात आता बातमी अशी आहे की त्या घरची बाई आजारी असते, म्हणून बिचाऱ्या म्हाताऱ्याला बाहेर जेवावं लागतं. शेजारीण मालिशचं तेल देऊन गेली. बायको बाहेर पडली की कोपऱ्यापर्यंत हळू चालते, वळल्यावर नेहमीसारखी चालते. माझ्यावर चिडते ती वेगळंच. म्हणते, तुमच्यामुळे मी लंगडी झाली.

दुपारी बाबा परत आले की तिथल्या जेवणाला नावं ठेवतात. भाजीत कांदा कच्चा. वरणाला फोडणी करपलेली. ती स्वयंपाकघराच्या दारात बसून ऐकते आणि आपलीही भर घालते, घाई केली असेल, तवा तापला नसेल. अर्धा-पाऊण तास चालतं म्हणे. मी तेव्हा ऑफिसात असतो. सव्वीस वर्षांत त्या दोघांना बोलायला विषय नव्हता, आता एक तिसरी बाई मिळाली आहे. त्यात मी कुठे नाही. गोळी तेवढी मी देतो, आणि तेलाची काळजीही माझ्याचकडे आहे. ती काही कोणी वाटून घेतलेली नाही.

मागच्या आठवड्यात बाबांनी गावच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, त्या ताक देणाऱ्या शेजाऱ्याला देऊन ये, अमावास्येला दिवा लावत जाईल, आणि मशीन त्याच्या पोरीला पाहिजे असेल तर नेऊ दे. मी दोनदा विचारलं, नक्की ना? "जाजो ना तू," म्हणाले, "मले आता तिथं काय काम आहे." मग मी एस.टी.ने गेलो, किल्ली देऊन आलो. रविवार त्यातच गेला.